जैसे थे

आधी मला वाटलं, दोन मधमाश्या एकमेकींना चिकटून उडताहेत.

फाल्गुनातली दुपार होती. मी परसात भांडी घासत बसले होते. शेवग्याला फूल लागलेलं, त्यामुळे डोक्यावर माश्यांची गुणगुण चालूच होती. तिकडे कोण लक्ष देतं? पण ही जोडी शेवग्यावरून खाली उतरली, जमिनीपासून वीतभर उंचीवरून जड जड तरंगत आली आणि वाळूच्या ढिगाच्या उतारावर टेकली. तेव्हा दिसलं, की त्यातली एकच मधमाशी आहे. वरची दुसरीच कोणीतरी होती. मधमाशीपेक्षा जरा लांब, डोकं मोठं, अंगावर पिवळेजर्द पट्टे, कंबर चिमटीत मावेल एवढी. गांधीलमाशीच्या जातीची, पण अंगाने लहान. मधमाशीला तिने उताणी करून पोटाशी धरलं होतं. पुढच्या पायांनी भराभर वाळू उकरली, तिथे एक भोक उघडं झालं, आणि ती मधमाशीला घेऊन आत गेली.

मी हातातलं पातेलं तसंच धरून बसले. थोड्या वेळाने ती एकटीच बाहेर आली, भोकावर वाळू लोटली, ढिगाभोवती दोन घिरट्या घातल्या आणि पुन्हा शेवग्याकडे गेली.

"आत्या, जरा बाहेर या," मी हाक मारली.

माझ्या सासूबाई भिंतीला धरत धरत उंबऱ्याशी आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

"काय गं?"

"मोजणीदाराच्या माश्या कोणतरी धरून नेतंय."

"मानूस?"

"माणूस नाही. गांधीलमाशीसारखी आहे. वाळूत बीळ केलंय तिनं."

आत्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि राखेची वाटी चाचपून जवळ ओढली.

"किती नेल्या?"

"एक बघितली मी."

"एकच? तू बग तिकडं. भांडी मी घासते."

मोजणीदार म्हणजे दिगंबर वाडकर. आमच्या परसाच्या कंबरभर भिंतीपलीकडे त्यांचं अंगण. लोकांच्या जमिनी मोजण्यात पस्तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस. नुसत्या नजरेने बांध किती सरकलाय ते सांगायचे आणि पुढे मोजणीत तेवढाच निघायचा. बायको वारलेली, मुलगी बडोद्याला दिलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आणल्या आणि त्यांच्या अकरा केल्या. वाईच्या बाजारात त्यांच्या मधाला नाव होतं. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. मीही तोंडावर अण्णाच म्हणायचे. घरात मात्र आम्ही त्यांचं नाव घेत नव्हतो.

पंधरा महिन्यांपूर्वी आम्ही परसात एक खोली काढायला घेतली होती. पाया खणून झाला, विटा आल्या, ट्रकभर वाळू पडली, आणि तालुक्याच्या कोर्टातून कागद आला. मधली भिंत चुकीच्या रेषेवर आहे, खरी हद्द तिच्या अलीकडे, आणि आमचा पाया त्यांच्या हद्दीत नऊ इंच शिरलाय, असा वाडकरांचा दावा होता. निकाल लागेपर्यंत जागा 'जैसे थे' ठेवायची. पाया, विटा, वाळू, काही हलवायचं नाही. तेव्हापासून ढीग तिथेच. पावसाळ्यात तो दबून घट्ट झाला. पुढे मार्गशीर्षात माझे मालक गेले. खोलीची गरज संपली, पण तारखा पडत राहिल्या.

तर आता त्या ढिगात ही आली होती.

दुसऱ्या दिवशी मी शिलाई मशीन ओढून मागच्या दाराशी आणलं. लोकांचे ब्लाउज शिवता शिवता मोजत राहिले. दुपारपर्यंत सतरा माश्या आत गेल्या. आठवड्याभरात ढिगाच्या उतारावर भोकंच भोकं झाली. एकीच्या दहा-बारा झाल्या, मग मोजता येईनात. मी कोंबड्या डालून ठेवल्या. ढिगावर ऊन खात पसरणाऱ्या मांजराला झाडूने हाकललं. वरची कोरडी वाळू घसरून बिळं बुजायची, म्हणून रोज सकाळी हातानं पाण्याचा हबका मारायला लागले. दारची तुळस सुकली होती त्या दिवसांत, पण ढिगाचं पाणी मी चुकवलं नाही.

"आज किती?" जेवताना आत्या विचारायच्या.

"शंभराच्या वर असतील."

"आन पेट्या?"

"कडेच्या दोन पेट्यांची ये-जा कमी झालीय."

"व्हईल, हळूहळू व्हईल," असं म्हणून त्या भाकरीचा तुकडा मोडायच्या. लेक गेल्यापासून त्यांचं जेवण चतकोरावर आलं होतं. त्या दिवसांत त्या अख्खी भाकरी खायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मलाही झोप लागायला लागली होती.

चैत्र उजाडला तेव्हा वाडकर भिंतीपाशी आले. पंधरा महिन्यांत स्वतःहून पहिल्यांदा बोलले.

"शालन, तुमच्याकडे कोणी औषध फवारलंय का?"

"आमच्यात काय आहे फवारायला?"

"माश्या परत येत नाहीत. सकाळी बाहेर पडतात त्या पडतातच. रोग म्हणावा तर पेटीत मेलेल्या सापडत नाहीत. दारातही नाहीत."

"मग जातात कुठे?"

"तेच कळेना." त्यांची दाढी वाढली होती. "चार पेट्या निम्म्या झाल्या. मी असं कधी बघितलं नाही."

आम्ही बोलत होतो आणि त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावरून वाळूतली एक शिकारीण पोटाशी मधमाशी धरून खाली गेली. त्यांना दिसली नाही. मला हसू फुटेल असं वाटलं, म्हणून मी पदराने तोंड पुसलं.

"बघा बाई," मी म्हणाले. "आपल्याला त्यातलं काय कळतं?"

पण माणूस मोजणीतला. चार दिवसांनी भिंतीपलीकडे स्टूल टाकून बसला. उन्हाची टोपी घालून सकाळभर एकेका माशीमागे नजर लावून बसला. जेवणवेळेला हाक आली.

"शालन! त्या वाळूत आहेत त्या. वाळूत घरं केलीत."

"काय म्हणता?"

"ढीग उचलला की संपलं. उद्याच माणसं लावतो. तुम्हाला कसलीच तोशीस पडणार नाही. वाळू कुठे टाकायची तेवढं सांगा."

मी मशीनवरून उठले. भिंतीजवळ गेले. हे बोलणं कधीतरी आपल्या तोंडून निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण ते जणू तोंडात तयारच होतं.

"उचलता येणार नाही, अण्णा."

"का?"

"जैसे थे."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कोर्टाचा हुकूम आहे," मी म्हणाले. "पाया, विटा, वाळू. काही हलवायचं नाही. तुमच्याच वकिलांनी एकेक शब्द घालून घेतलाय."

"अगं, हे वेगळं आहे. जीव जातायत."

"हुकूम हुकूम असतो, अण्णा. तो पाळायचा असतो."

त्यांचा चेहरा उतरला. वाक्य त्यांनी ओळखलं. त्यांचंच होतं ते. कागद आला त्या आठवड्यात मी हात जोडून त्यांच्या अंगणात गेले होते. पेट्यांना धूर देण्याचं भांडं हातात धरून ते याच शब्दांत बोलले होते आणि पुन्हा पेटीवर वाकले होते.

दुसरा कोणी असता तर आम्ही घरात नसताना भिंतीवरून रॉकेल ओतून मोकळा झाला असता. वाडकरांच्याने ते होणार नव्हतं. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा धर्म. मग ते दिवसभर टॉवेल घेऊन पेट्यांपुढे उभे राहायला लागले. शिकारीण दिसली की टॉवेल फिरवायचे. अडुसष्ट वर्षांचा माणूस उन्हात गोल गोल फिरत असायचा. मी मशीन चालवत बघत राहायचे. आत्यांना सगळं वर्णन करून सांगायचे.

"पडला का?" त्या विचारायच्या.

"नाही. बसलेत आता."

"फिरू दे. आजून फिरू दे."

दहाव्या दिवशी सकाळी पुढच्या दाराची कडी वाजली. वाडकर आमच्या उंबऱ्यावर उभे होते. धुतलेला सदरा, हातात पाकीट.

"आत येऊ?"

मी बाजूला झाले. ते बाहेरच्या खोलीत आले, पण बसले नाहीत. त्यांच्या अंगणाकडे उघडणाऱ्या आमच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"दावा मागे घेतला," ते म्हणाले. "हुकूम उठला. कागद आणलाय, वाचून घ्या."

मी वाचला. शिक्का होता, तारीख होती. दावा मागे घ्यायला त्यांना दहा दिवस लागले होते. आमचं माणूस जिवंत होतं तेव्हा वर्षभरात तो मागे घेता आला नव्हता.

"आता उचलू वाळू?"

"माणसं नकोत," मी म्हणाले. "तुम्ही उकरा. हाताने."

मला वाटलं, चिडतील, जातील. ते गेले नाहीत. मागल्या दाराने परसात आले, ढिगासमोर गुडघे टेकून बसले आणि बोटांनी वाळू काढायला लागले. मी घरातून परात आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"सापडतील त्या यात ठेवा."

शिकारिणी त्यांच्या कानाभोवती घोंघावत होत्या, पण एकीनेही दंश केला नाही. वीतभर खोल गेल्यावर पहिली कोठडी लागली. बोराएवढी पोकळी, त्यात तीन मधमाश्या ओळीने उताण्या. वाडकरांनी एक उचलून तळहातावर ठेवली, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"मेलेली नाही ही," ते हळूच म्हणाले. "बघा. पाय हलतोय."

मी वाकले. खरंच, मागचा एक पाय थरथरत होता.

"नांगी अशा जागी मारते ती, की जीव जात नाही. नुसतं हलता येत नाही. पडून राहायचं. कळत सगळं असेल हिला, पण..."

त्यांनी मान वर केली नाही.

माझे मालक गवंडी होते. हणमंत पिसाळ म्हटलं की या पट्ट्यात घर बांधणारा प्रत्येक जण ओळखायचा. आश्विनात एका इमारतीला बांधलेल्या बांबूच्या पहाडावरून ते पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. आमची मोरी तीन पायऱ्या खाली, दार एवढं अरुंद की चाकाची खुर्ची जाईना. म्हणून खोली. न्हाणीची खोली. अंथरुणावर पडून त्यांनी पाटीवर नकाशा काढला होता: दार किती रुंद, उतार किती, खुर्ची वळायला किती जागा. ती खोली झाली नाही. मी आणि आत्या त्यांना बाहेरच्या खोलीत, रस्त्यावरच्या दाराशी, खुर्चीत बसवून आंघोळ घालायचो. खुर्चीमुळे दोन्ही दारं पुरती लागायची नाहीत, म्हणून त्यांना जुनी लुगडी लावून. गाडी गेली की लुगडं उडायचं. तेव्हा कागद आल्यावर मी वाडकरांकडे एवढंच मागायला गेले होते, की खोली राहिली बाजूला, परसात निदान आडोशाला चार पत्रे उभे करू द्या.

"चौदा महिने," मी म्हणाले.

"काय?"

"चौदा महिने असेच पडून होते ते. आणि सगळं कळत होतं."

वाडकरांच्या हातावर ती माशी तशीच होती. ते म्हणाले, "मला ऐकू यायचं."

"काय ऐकू यायचं?"

"सकाळी. खिडकीतून. 'शालन, दार लावलं का?' रोज तीन-चारदा विचारायचा तो. मी पेट्यांपाशी असायचो. ऐकू यायचं मला."

"ऐकू यायचं आणि तुम्ही..."

"मोजणी बरोबर होती माझी." त्यांचा आवाज फाटला. "नऊ इंच होतेच, शालन. मागे घेतला असता तर गाव म्हणालं असतं, वाडकरांनी खोटं मोजलं. पस्तीस वर्षांत माझं एक माप चुकलं नाही."

"बरोबर होती मोजणी," मी म्हणाले. "आमच्या ह्यांनीच सांगितलं होतं मला. नऊ इंच मागे घेतले की खुर्ची वळत नव्हती. म्हणून घेतले होते नऊ इंच."

मागे पावलं वाजली. आत्या कधीच्या उंबऱ्यावर येऊन ऐकत होत्या. भिंत धरत त्या आल्या आणि हात पुढे केला.

"हातावर ठिवा माज्या."

वाडकरांनी माशी त्यांच्या तळहातावर ठेवली. आत्यांनी मान कलती केली, जसं काही लांबचं ऐकताहेत. तो पाय त्यांच्या कातडीला लागत असणार.

"जित्ती हाय," त्या म्हणाल्या. "बरी व्हईल का?"

"नाही," वाडकर म्हणाले. "बरी होत नाहीत त्या."

"मग मारा तिला."

"आत्याबाई..."

"आसं ठिवू ने कुणाला. माझ्यानं झालं न्हाई तवा. किती येळा आलं मनात, पर आईच्या हातानं व्हतं व्हय ते?" त्यांनी तळहात त्यांच्यापुढे धरला. "तुमच्या माश्या हायती, तुमच्या हातानं मारा. सगळ्या. एकीलाबी तसंच ठिवायचं न्हाई."

त्या रोज मुलाला भरवायच्या, अंग पुसायच्या, देवाला बरं कर म्हणायच्या, आणि मनात हे असायचं, हे मला त्या दिवशी कळलं.

वाडकर संध्याकाळपर्यंत उकरत होते. एकेक कोठडी उघडायची, माश्या परातीत ठेवायच्या, पाय हलणारी वेगळी करायची आणि अंगठ्याने चिरडायची. ज्या हातांनी ते पेटीतली चौकट इतकी सावकाश उचलायचे, की एक माशी दबू नये, त्याच हातांनी. पाणी विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. मी समोर पायरीवर बसून राहिले. शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हाताला वाळू असल्यामुळे पुसता येत नव्हतं. तेही मी बघितलं.

अकरांपैकी पाच पेट्या वाचल्या.

वैशाखात मी नामा गवंड्याला बोलावलं. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. खोली बांधायची म्हटल्यावर तो घुटमळला.

"वैनी, आता कुणासाठी?"

"आत्या आहेत की. त्यांना तरी कुठे उतरतात पायऱ्या?"

आदल्या पायाचा खड्डा बुजल्यासारखा झाला होता. नामाने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि जुन्याच रेषेवर चुन्याची फक्की मारायला वाकला. मी त्याच्या हातातून दोरी घेतली. भिंतीतले दगड वाडकरांच्या बाजूला ढकलून पाडले आणि पलीकडे गेले. पावलाला पाऊल लावून मोजलं: एक, दोन, तीन. तिथे खुंटी ठोकली.

"वैनी, ही त्यांची जागा," नामा घाबरून म्हणाला. "नऊ इंच न्हाई ही. तीन फूट हायती."

दगडांच्या आवाजाने वाडकर बाहेर आले. ओट्यावर उभे राहून त्यांनी दोरीकडे बघितलं. त्यांना टेप लागत नव्हता. मी खुंटीजवळ सरळ उभी राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. एक शब्द बोलावा त्यांनी, एवढंच मला हवं होतं. एका शब्दावर मी किती बोलणार होते!

ते ओट्यावरून उतरले. दोरीच्या वाटेत त्यांची एक पेटी येत होती, वाचलेल्या पाचातली. त्यांनी ती दोन्ही हातांनी अलगद उचलली, तीन फूट मागे नेऊन ठेवली, झाकण सारखं केलं आणि आमच्याकडे न बघता घरात गेले.

नामा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"खण," मी म्हणाले.